बर्थ टुरिझम: पासपोर्ट बाळाला मिळतो, आई-वडिलांना नाही

२० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. आई अमेरिकेत बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक (तिथं कायम राहण्याचा परवाना असलेले) नसतील, तर तिथं जन्मलेल्या बाळाला यापुढे नागरिक मानायचं नाही, असा तो आदेश. लागू व्हायचा होता ३० दिवसांनी. मुदतीच्या आत सिझेरियन करून मिळेल का, अशी विचारणा डॉक्टरांकडे होऊ लागल्याच्या बातम्या त्या दिवसांत आल्या. विचारणाऱ्यांत भारतीय जोडपीही होती.

न्यायालयांनी आदेश लगेच अडवला, पण तेव्हापासून एक घोळ सुरू आहे. व्हिसावर वर्षानुवर्षं तिथं नोकरी करणारं, कर भरणारं, ग्रीन कार्डच्या रांगेत ताटकळणारं जोडपं आणि केवळ बाळंतपणापुरतं विमानानं जाऊन दोन-तीन महिन्यांत परत येणारं जोडपं, या दोघांना आदेशानं एकाच माळेचे मणी केलं. चर्चेतही तसंच होतं. हा लेख मुख्यतः दुसऱ्या जोडप्याबद्दल, म्हणजेच बर्थ टुरिझमबद्दल आहे. पण पहिल्याला विसरून दुसऱ्याचा प्रश्न सुटत नाही, ते पुढे येईलच.

माती की रक्त?

नुकतंच जन्मलेलं मूल आपल्या देशाचं की नाही, हे प्रत्येक देशाला ठरवावं लागतं. त्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिलीत मूल कुठं जन्मलं ते पाहतात. आई-वडील कोणीही असोत, जन्म आमच्या भूमीवर झाला म्हणजे मूल आमचं. यालाच जन्मसिद्ध नागरिकत्व म्हणतात. दुसरीत मूल कोणाच्या पोटी जन्मलं ते पाहतात. आई-वडील आमचे, तर जगात कुठंही जन्मलेलं मूल आमचं. बहुतेक देश या दोहोंचं काही ना काही मिश्रण वापरतात.

कोणतीही अट न घालता पहिली पद्धत पाळणारे देश आज तीसेक आहेत, आणि त्यातले बहुतेक अमेरिका खंडांत: अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना. युरोपात असा एकही देश उरलेला नाही. याचं कारण इतिहासात आहे. जिथं माणसं बाहेरून येऊन वसत होती, त्या देशांना आलेल्यांची मुलं चटकन आपली करून घ्यायची होती. जिथून माणसं बाहेर जात होती, त्यांना गेलेल्यांशी नातं टिकवायचं होतं.

अमेरिकेची ‘भूमी’ वाटते तितकी सरळ नाही. तिच्या हवाई हद्दीत विमानात जन्मलेलं मूल नागरिक ठरतं, पण परदेशातल्या अमेरिकी दूतावासात जन्मलेलं केवळ त्या कारणानं ठरत नाही. दूतावास म्हणजे त्या देशाची जमीन, ही समजूत चित्रपटांनी पसरवलेली आहे. परदेशी राजदूतांची मुलं अमेरिकेत जन्मली तरी नागरिक होत नाहीत. आणि अमेरिकन समोआ या अमेरिकेच्याच प्रदेशात जन्मलेल्यांना अमेरिकेचा पासपोर्ट मिळतो, नागरिकत्व मात्र जन्मतः मिळत नाही.

उलट दिशेचा किस्सा तर फारच गमतीचा. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या युवराज्ञी ज्युलियाना कॅनडात आश्रयाला होत्या. जानेवारी १९४३ मध्ये ओटावाच्या रुग्णालयात त्यांचं बाळंतपण होतं. बाळाला दुसऱ्या देशाचं नागरिकत्व चिकटू नये म्हणून कॅनडा सरकारनं त्यांची प्रसूतीची खोली तेवढ्यापुरती देशाच्या हद्दीबाहेरची ठरवली! राजकन्या मार्खरीत जन्मली आणि फक्त डचच राहिली.

हा नियम पर्यटकांसाठी केलेला नव्हता

अमेरिकेतला नियम राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत आहे. वर्ष १८६८. त्याआधी, १८५७ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला होता की कृष्णवर्णीय माणसं, गुलाम असोत वा मुक्त, या देशाची नागरिक होऊच शकत नाहीत. पुढे यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली, आणि तो निकाल कायमचा पुसण्यासाठी घटनेतच लिहिलं गेलं: अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती नागरिक आहेत. कोण नागरिक आणि कोण नाही हे पुन्हा कोणा न्यायाधीशाच्या किंवा सरकारच्या मर्जीवर राहू नये, हा उद्देश.

वाक्यातला ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ हा तुकडाच आजच्या भांडणाचं मूळ आहे. परदेशी आई-वडिलांच्या मुलांबाबत तो नीट तपासला गेला वाँग किम आर्क यांच्या खटल्यात. हे १८७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मले. चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा १८८२ पासून लागू होता आणि चिनी माणसाला अमेरिकेचं नागरिक होण्याची वाट बंद होती. १८९५ मध्ये चीनला जाऊन ते परतले, तेव्हा तुम्ही इथले नागरिकच नाही म्हणून त्यांना बंदरातच अडवलं. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की आई-वडील परके असले तरी इथं जन्मलेला मुलगा नागरिकच आहे.

ट्रम्प सरकारचं म्हणणं असं, की वाँग यांच्या आई-वडिलांचं कायमचं बिऱ्हाड अमेरिकेत होतं, म्हणून तो निकाल तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना लागू होत नाही. विरोधकांचं म्हणणं असं, की अमेरिकेत असेपर्यंत पर्यटकालाही तिथला कायदा पाळावाच लागतो, चोरी केली तर तिथल्याच तुरुंगात जावं लागतं. मग तो अधिकारक्षेत्राच्या अधीन नाही कसा? मला दुसरा युक्तिवाद जास्त पटतो. राजदूतांची मुलं वगळली जातात ती यासाठीच, की राजदूतांवर तिथला कायदा पूर्णपणे चालत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा मूळ प्रश्न सुनावणीसाठी घेतला.

बाळंतपणासाठी जाणं हा गुन्हा आहे का?

परदेशात बाळंत होणं हा गुन्हा नाही. खोटं बोलून तिथं जाणं हा आहे. सगळं गाडं इथंच अडतं.

जानेवारी २०२० पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा स्पष्ट नियम आहे: बाळाला नागरिकत्व मिळवून देणं हा प्रवासाचा मुख्य हेतू असेल, तर पर्यटक व्हिसा मिळणार नाही. म्हणजे खरं सांगितलं तर व्हिसा नाही, आणि खोटं सांगितलं तर फसवणूक. एकदा फसवणुकीचा शिक्का बसला की पुढचा प्रत्येक अर्ज त्या शिक्क्यासकट वाचला जातो. गुंतागुंतीच्या गरोदरपणात उपचारांसाठी जाणं वेगळं. त्यात कारण आणि खर्चाची सोय दाखवावी लागते.

यात दलालांचा धंदाही आहे. कॅलिफोर्नियात चिनी ग्राहकांसाठी तयार फ्लॅट, प्रसूतीची व्यवस्था, व्हिसाच्या मुलाखतीत काय बोलायचं याची शिकवणी आणि विमानतळावर पोट दिसू नये म्हणून सैल कपड्यांचा सल्ला, असं सगळं एकत्र विकणाऱ्यांवर जानेवारी २०१९ मध्ये खटले भरले गेले. आरोपी १९. पण आरोप पाहा: व्हिसाची फसवणूक आणि काळ्या पैशाचा व्यवहार. ‘बाळ जन्माला घातलं’ असा आरोप नव्हता, आणि जन्मलेल्या बाळांचं नागरिकत्वही त्यामुळे गेलं नाही. आईनं खोटं सांगितलं असलं तरी बाळानं काही खोटं सांगितलेलं नसतं.

आई-वडिलांना काय मिळतं?

अमेरिकेत, लगेच तरी काहीच नाही. बाळ नागरिक झालं म्हणून आईच्या व्हिसाची मुदत एका दिवसानंही वाढत नाही. ‘अँकर बेबी’ हा हिणकस शब्द ज्या समजुतीवर उभा आहे, की बाळ नांगर टाकतं आणि त्या नांगराला धरून घरदार तिथं राहतं, तिला कायद्याचा फारसा आधार नाही.

मुलाला आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो, पण वयाच्या २१ व्या वर्षी. तोवर त्यानं अमेरिकेत बिऱ्हाड केलेलं हवं आणि आई-वडिलांना पोसण्याइतकं, म्हणजे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी, उत्पन्न दाखवायला हवं. आई-वडील मधल्या काळात तिथं बेकायदा राहिले असतील, तर तीन किंवा दहा वर्षांची प्रवेशबंदी वेगळीच. एकवीस वर्षांनी फळ देईल या आशेवर कोणी हे करत असेल, तर त्याच्या चिकाटीला दाद द्यायला हवी. पण देशात शिरण्याचा हा आडमार्ग आहे असं म्हणणं अवघड आहे.

सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. अर्जेंटिनात मूल जन्मलं की आई-वडिलांना कायमच्या वास्तव्याचा मार्ग सोपा होतो, आणि २०२५ मध्ये नियम कडक होईपर्यंत पुढे नागरिकत्वाचाही होत असे. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन गर्भवतींची तिकडं रीघ लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्युनॉस आयर्सला उतरलेल्या एकाच विमानात ३३ गर्भवती रशियन स्त्रिया होत्या.

आणि एक डाव तर इतका हुशारीचा होता, की त्याची दखल युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायपीठाला घ्यावी लागली. २००० मध्ये चेन आडनावाची एक चिनी स्त्री बाळंतपणासाठी बेलफास्टला गेली. बेलफास्ट ब्रिटनमध्ये, तिथं जन्मून ब्रिटिश नागरिकत्व मिळत नव्हतं. पण शेजारच्या आयर्लंडचा नियम तेव्हा असा होता, की संपूर्ण बेटावर कुठंही जन्मलेल्याला आयरिश नागरिकत्वाचा हक्क. बाळ आयरिश झालं, म्हणजे युरोपीय संघाचं नागरिक झालं, म्हणजे तेव्हा संघात असलेल्या ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क त्याला मिळाला. २००४ मध्ये न्यायालयानं त्यापुढची कडीही जोडली: तान्हं बाळ एकटं कसं राहील? स्वतःचा खर्च आणि आरोग्यविमा असेल, तर त्याला सांभाळणाऱ्या आईलाही राहू द्यावं लागेल.

आणि बाळाच्या वाट्याला काय येतं?

या भागाबद्दल दलाल बोलत नाहीत. मुलाच्या नावावर घर घ्यावं तसं हे आहे: मालकी त्याची, आणि घरपट्टीही त्याचीच, मग तो त्या घरात एक दिवसही राहो न राहो.

फायदे खरे आहेत. मोठेपणी तिथं व्हिसाशिवाय राहता येतं, नोकरी करता येते, नागरिकांसाठीची सरकारी शैक्षणिक मदत मागता येते. पण अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरातल्या उत्पन्नावर कर आकारते, ते कुठंही राहत असले तरी. असं करणारा दुसरा ठळक देश म्हणजे इरिट्रिया. दोन्हीकडे पूर्ण कर भरावा लागतोच असं नाही, कारण एकीकडे भरलेल्या कराची दुसरीकडे वजावट मिळते. पण कमावता झाला की विवरणपत्र भरणं आलं. अमेरिकेबाहेरच्या बँक खात्यांत वर्षात कधीही मिळून १० हजार डॉलरहून जास्त रक्कम झाली, तर त्याची वेगळी माहिती देणं आलं. अमेरिकेबाहेरच्या म्युच्युअल फंडांना तर तिथले नियम फारच जाचक आहेत.

हे घडतं का? बोरिस जॉन्सन यांना विचारा. ते १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मले आणि लहानपणीच ब्रिटनला परतले. लंडनचे महापौर असताना अमेरिकेच्या करखात्यानं त्यांच्याकडे लंडनमधलंच घर विकून झालेल्या नफ्यावर कर मागितला. त्यांनी जाहीरपणे त्रागा केला, मग कर चुकता केला आणि पुढे अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. हे नागरिकत्व पुढच्या पिढीला आपोआप जात नाही. तिथं जन्मून लगेच परतलेली मुलगी मोठी झाली, तिनं परदेशी माणसाशी लग्न केलं आणि तिला अमेरिकेबाहेर मूल झालं, तर ते जन्मतः अमेरिकी ठरण्यासाठी तिनं स्वतः आधी किमान पाच वर्षं अमेरिकेत काढलेली हवीत, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. केवळ जन्मापुरतं जाऊन आलेल्यांची साखळी एका पिढीत तुटते.

भारतीय आई-वडिलांसाठी हिशेब आणखी कडक आहे, कारण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षभरात भारतीय वकिलातीत करून त्याला भारतीय ठेवता येतं, पण त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. इकडे अमेरिकेचा कायदा म्हणतो, की आमच्या नागरिकानं आमच्याच पासपोर्टवर देशाबाहेर पडावं. म्हणजे परतीच्या विमानात बसतानाच निवड होऊन जाते. मूल आपल्याच आजीच्या घरी परदेशी म्हणून येतं, व्हिसावर किंवा ओसीआय कार्डावर. हे कार्ड म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारा कायमचा परवाना. त्यावर राहता येतं, शिकता येतं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशात केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा या मुलांना मिळत नाहीत. मुलाला सगळी दारं उघडी राहावीत म्हणून केलेल्या खटाटोपात घरातलंच एक दार बंद झालेलं असतं, आणि ते कळतं ते बारावीनंतर.

पण हा दुसऱ्याच्या ताटात हात घालणं नाही का?

आक्षेप रास्त आहे. ज्या देशाशी काही देणंघेणं नाही, त्याचं नागरिकत्व पैसे खर्च करून मुलाच्या खिशात घालायचं, हे तिथं पिढ्यान्‌पिढ्या कर भरणाऱ्याला खटकणारच. आणि संख्या वाढली की प्रश्न तत्त्वाचा राहत नाही, खाटांचा होतो.

हाँगकाँगमध्ये तो झाला. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की चिनी नागरिकांची हाँगकाँगमध्ये जन्मलेली मुलं तिथं कायमची राहू शकतात, आई-वडील चीनच्या मुख्य भूमीचे असले तरी. त्या वर्षी आई-वडील दोघंही बाहेरचे असलेले जन्म काही शेच होते. २०११ मध्ये ते ३५ हजारांच्या वर गेले. स्थानिक गर्भवतींना रुग्णालयात जागा मिळेना, मोर्चे निघाले. मग सरकारनं काय केलं? कायद्याला हात लावला नाही. २०१३ पासून, नवरा हाँगकाँगचा नसेल तर मुख्य भूमीवरच्या स्त्रीची प्रसूतीसाठी नोंदणीच घ्यायची नाही, असं रुग्णालयांना सांगितलं. त्या एका वर्षात असे जन्म हजाराच्या आत आले. आधी जन्मलेली हजारो मुलं मात्र पुढे कित्येक वर्षं शेन्झेनहून रोज सीमा ओलांडून शाळेत येत राहिली, कारण घर इकडे आणि शिक्षणाचा हक्क तिकडे.

माझ्या मते या प्रकरणाचा अर्थ सरळ आहे. बर्थ टुरिझम थांबवायचा असेल तर व्हिसा, सीमा आणि रुग्णालयाची नोंदणी या ठिकाणी तो थांबवता येतो. त्यासाठी नागरिकत्वाचा पाया उकरावा लागत नाही.

मग नियमच का बदलू नये?

बदलणारे देश आहेत. ब्रिटननं १९८३ पासून, ऑस्ट्रेलियानं १९८६ पासून, न्यूझीलंडनं २००६ पासून सरसकट जन्मसिद्ध नागरिकत्व बंद केलं. आयर्लंडनं २००४ मध्ये सार्वमत घेतलं, सुमारे ७९ टक्के मतदारांनी बदलाला होकार दिला. भारतही आधी याच वाटेवर होता: १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेलं जवळपास प्रत्येक मूल भारतीय होतं. मग आई-वडिलांपैकी एक भारतीय हवा अशी अट आली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशीही.

अट आली की पुरावा आला. सरसकट नियमात जन्मदाखला पुरतो. त्यावर गाव आणि तारीख असते, तेवढ्यानं काम भागतं. अट घातली की प्रत्येक बाळाच्या जन्मावेळी, अगदी दहा पिढ्या तिथंच राहणाऱ्यांच्या बाळाच्याही, आई-वडिलांना आपली कागदपत्रं दाखवावी लागतात. ज्यांच्याकडे ती नसतात ते बहुधा श्रीमंत पर्यटक नसतात. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये २०१३ च्या न्यायालयीन निकालानं ही अट थेट १९२९ पर्यंत मागे नेली आणि मुख्यतः हैतीहून आलेल्या मजुरांचे वंशज, तिथंच जन्मलेले आणि वाढलेले, एका फटक्यात कोणत्याच देशाचे उरले नाहीत.

अमेरिकेत बदलाची वाट आणखी चढणीची आहे. घटनादुरुस्तीसाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. ती मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर आदेशाचा आणि नव्या अर्थाचा मार्ग धरला गेला. त्या आदेशाचा खरा फटका विमानानं येऊन जाणाऱ्यांना कमी आणि लेखाच्या सुरुवातीच्या पहिल्या जोडप्याला जास्त बसतो. येऊन जाणाऱ्यांच्या बाळाला परत जायला स्वतःचा देश असतो. व्हिसावर पंधरा वर्षं काढलेल्यांचं मूल ज्या शहरात शाळेत जातं, त्याच देशात ते पाहुणं ठरतं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी नियम बदलताना नेमक्या याच मुलांसाठी एक खिडकी उघडी ठेवली. आई-वडिलांचा दर्जा काहीही असो, मूल तिथं जन्मलं आणि पहिली दहा वर्षं तिथंच वाढलं, तर ते नागरिक होऊ शकतं. बाळंतपण उरकून निघून जाणाऱ्याला या खिडकीचा काही उपयोग नाही, आणि राहून वाढणाऱ्याला मात्र ती पुरते. अमेरिकेच्या आदेशात अशी कोणतीच तरतूद नव्हती.